टेलचं पाणी

परीक्षेत मला शंभरपैकी एक्क्याऐंशी होते.
महागाई सहा टक्के धरा, आयुष्य पंच्याऐंशी,
जोखमीची प्रश्नावली भरून घ्या, खाली सही.
ग्राहक किती जगेल, असा रकाना होता पुस्तकात;
तो समोर बसून कसा विचारायचा
ते पान नव्हतं.

मखमलाबादला, पाटाच्या कडेला घर.
निवृत्ती खंडू काकड, कालव्यावर पाणी सोडणारे.
'निवृत्तीचे वय' लिहिताना पेन अडखळलं,
तर हसले, "आईनं तेव्हाच ठरवलं असंल."

अठरा वर्षं रोजंदारी, मग सतरा वर्षं कायम,
म्हणून जुनी पेन्शन हुकली.
नव्या योजनेतले बावीस लाख, वर काही हजार.
चाळीस टक्के वर्षासनाला जाणार,
उरलेल्यावर तिघांचा डोळा:
धाकट्याचा टेम्पो, पाथर्डी फाट्याचा प्लॉट,
आणि एक भाचेजावई,
महिन्याला दोन टक्के देतो म्हणणारा.

मी लॅपटॉप फिरवला. आलेख थोडा चढला, वाकला,
शहात्तराव्या वर्षी जमिनीला टेकला.
"हे धरण आहे," काका म्हणाले.
नाही काका, तुमची पुंजी.
"तेच म्हणतोय."

माझ्या प्रश्नावलीच्या पाठकोऱ्या बाजूला
त्यांनी गंगापूरची भिंत काढली. एकच रेघ.
"पंधरा ऑक्टोबरला मोजायचं. भरलं म्हणून नाचायचं नाही.
आधी पिण्याचं बाजूला, जुलैअखेरपर्यंत,
पाऊस लांबला तर ऑगस्टचं पण.
खाली गाळ. कागदावर साठा दिसतो, पण कामाचा नाही."
(प्लॉट, मी मनात म्हटलं.)
"वरून ऊन. गेट बंद असलं तरी रोज थोडं उडतं.
कोणी चोरत नाही, तरी कमी होतं."
सहा टक्क्यांची इतकी सोपी ओळख
मला कोणी करून दिली नव्हती.
"राहिलं त्याची आवर्तनं. दुसऱ्यालाच
लोक येतात, गेट उघड म्हणतात.
तेव्हा सांगायचं, किल्ली साहेबांकडं आहे.
तेवढा साहेब तू हो, पोरी."

मग वर्षासनाचे पर्याय आले.
पहिल्यात महिन्याला जास्त मिळतात, मी म्हटलं,
पण ते तुमच्याबरोबर संपतात.

काका बराच वेळ भिंतीच्या रेघेवर बोट फिरवत राहिले.
"आम्ही किती वर्षं वरून सोडत आलो.
वरचा मळा हिरवागार,
आणि टेलच्या चारीत कुत्री झोपलेली.
मग नियम आला, आधी टेलला द्या, मग वर या.
वरच्यांनी लई शिव्या घातल्या."

दारात कौसाबाई हुलगे निवडत होत्या.
माझ्या फॉर्मवर त्यांच्यासाठी
फक्त नावापुरती जागा होती.
यांचं वय?
"माझ्याहून नऊनं लहान. अन् तिची आई
अजून गिरणाऱ्यात मिरच्या तोडायला जाते."

पंच्याऐंशी खोडलं. काकांचं वय सोडून
कौसाबाईंचं धरलं, पंच्याण्णवपर्यंत.
उतार लांबला, महिन्याचा आकडा आखडला,
टेम्पो त्यात बसेना.
बाहेर धाकटा गाडीला किक मारत होता.
गाडी चालू झाली तरी गेला नाही.

"जन्मभर यांनी पाणी सोडलं,"
कौसाबाई सुपातून मान वर न काढता म्हणाल्या,
"आता जरा अडवा म्हणावं."

मग हात पदराला पुसून पुढं आल्या.
सही कुठं करू?

फॉर्म उलटा केला, सुलटा केला. जागा नव्हती.
मी समासात पट्टीनं एक रेघ मारून दिली,
धरणाच्या भिंतीएवढी.
त्यांनी सावकाश, काना-मात्रा बघत,
पूर्ण नाव लिहिलं.