तीन, सात, अकरा

अडतीस वर्षं एकाच स्टुलावर बसलो,
दौलतगंजच्या वळणावर, चार फुटी दुकानात,
उजव्या डोळ्यावर भिंग, डावा मिटलेला.
लष्करातली निम्मी मनगटं मला ओळखतात.
पण स्वतःच्या बुडाखाली काय चाललंय
ते एका मंगळवारी कळलं:
पांढऱ्या भांड्यात लाल थेंब.
दुखलं नाही, खुपलं नाही.
बायकोला म्हटलं, काल बीट खाल्लं ना.
ती म्हणाली, बीट आणलंच नव्हतं.

डॉक्टर भदौरिया माझ्या थोरलीच्या वयाच्या.
पडद्यामागे मी कुशीवर, गुडघे पोटाशी,
समोर भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ.
सव्वादोन. तेव्हा साडेपाच होऊन गेले होते.
"तीन बजे, सात बजे, ग्यारह बजे,"
त्या नर्सला म्हणाल्या. मला वाटलं,
औषधाच्या वेळा.

मग कागदावर त्यांनी तबकडी काढली.
इथे गाद्या असतात काका, सगळ्यांनाच.
म्हटलं, गॅस्केट. पाणी आत जाऊ नये म्हणून.
आपलं उलट, त्या हसल्या,
बाहेर येऊ नये म्हणून.
त्या फुगल्या की मूळव्याध.

मध्ये एक रेघ. रेघेच्या वरची ती आतली.
तिथे दुखणं कळवणारी तारच नाही,
म्हणून रक्त येतं आणि माणूस बीट म्हणतो.
पहिली आतच राहते, नुसती ठिबकते.
दुसरी जोर केला की डोकावते
आणि आपली आपण परत जाते,
कुक्कू घड्याळातल्या पाखरासारखी.
तिसरी बोटाने ढकलावी लागते.
किल्ली, मी म्हटलं, मनगटी घड्याळाची.
हां. आणि चौथी?
चौथीचे आटे गेलेले,
दाबा कितीही, बाहेरच.

रेघेच्या खालची ती बाहेरची.
कातडीखाली बसते, आणि कातडी गप्प बसत नाही.
एखादीत रक्त गोठतं,
रातोरात बटणसेलएवढी निळी गाठ.
मग बसणं नाही, खोकणं नाही,
कोणी विनोद केला तर हसणं नाही.
काहींच्या नशिबी दोन्ही.

तुमची दुसरी, त्या म्हणाल्या.
पण रक्त म्हणजे दर वेळी हीच, असं धरू नका,
एकदा नळी घालून वरपर्यंत बघू.
आणि सकाळची बेडई थोडी कमी.

जिन्सी नाल्यापाशी बापू आठवले.
शेवटची दोन वर्षं ते उभ्यानेच घड्याळं उघडत,
पंगतीतही ताट हातात घेऊन उभे.
लोक म्हणत, नवस आहे कसला तरी.
आई भर मे महिन्यात
कोमट पाण्याचं घमेलं मोरीत ठेवी, दार ओढून घेई.
विचारलं तर म्हणे, पाय शेकतायत.

चौथी, मी रस्त्यातच म्हणालो, मोठ्याने.
टेम्पोवाला थांबला. चार सवारी?

दुकानात टेबलाखालची फरशी मी बघितली आहे,
दोन पावलांएवढी गुळगुळीत.
इतकी वर्षं वाटायचं, दगडच तसा.

शनिवारी हवालदार तोमर आले, एचएमटी घेऊन.
स्टूल पुढे केलं.
नको म्हणाले, उभाच बरा,
आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला.
मी भिंग काढून ठेवलं,
शटर अर्धं ओढलं
आणि हलकेच विचारलं,
रक्त, की गाठ?