रविवारचा खोकला

फॉर्मच्या शेवटी एकच ओळ रिकामी:
‘मुलांची सर्वांत निकडीची गरज’.
ओळ माझ्या करंगळीएवढी.

बोनसरीत, खाणीखाली, त्रेचाळीस घरं.
दंडाला पट्टी लावत गेले.
हिरवा, पिवळा, पिवळा,
एका दंडावर लाल, आणि आई म्हणाली,
आमच्यात बारीकच असतात सगळी.

पाणी? टँकर येईल तेव्हा.
जंताच्या गोळ्या? शाळेत जातात ते खातात.
खोकला?
दुर्गव्वा हसली, क्रशरकडे बोट केलं:
त्याच्या आवाजात कुणाचा ऐकू येतोय, बाई?

तिची यल्लू, आठेक वर्षांची,
माझ्या पेनाचं टोपण चावत म्हणाली,
रविवारी नाही खोकत आम्ही.
रविवारी क्रशर बंद.

रविवारला रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं.
सुपरवायझरबाईंनी विचारलं, हे काय मध्येच?

म्हणून काल सुट्टी असून गेले.
पानांवर धूळ तेवढीच, पण बसलेली.
पोरं खडीची चूल मांडून
खडीचाच भात शिजवत होती.
खरंच, कुणी खोकत नव्हतं.

मग पत्र्यामागून
एक.
थांबून, पुन्हा.
सदतीस नंबर. हणमंताचा धाकटा भीमेश,
ज्याच्या नावापुढे बुधवारी मीच
‘तक्रार नाही’ लिहून आले होते,
घाईत, दारातूनच.

करंगळीएवढ्या ओळीत
भीमेशचं नाव बसलं, घर नंबरासकट.
क्रशर अजून समासातच आहे.