वजा नऊ

दंव वाळायच्या आत
मी शाळेच्या आवारात जहाज आखलं.
सत्तर फूट लांब, बावीस फूट रुंद,
खडूच्या दोन पेट्या संपल्या,
गुडघे ओले, पाठीत उसण,
आणि मिस्टर गिलिस झाडू टेकवून उभे:
हे पुसायचं कधी?
मी म्हटलं, बंदराला लागलं की.

खाली ओटागोचं खरं बंदर होतंच,
धुक्यात, क्रेनचे पाय तेवढे दिसत होते.

चौथीची मुलं आली.
प्रत्येकाला एक चिठ्ठी: नाव, वय, धंदा.
मार्गारेट, सव्वीस, शिवणकाम.
ॲलन, एकोणीस, नांगऱ्या.
जेनेट, दोन, धंदा नाही.
(दोन वर्षांची मुलगी काय धंदा करणार, असं लाक्लन म्हणाला,
माझी बहीण दोनची आहे, ती नुसती चावते.)

माणशी दीड फूट.
पट्टीने मोजून दाखवलं.
झोपा म्हटल्यावर झोपले सगळे,
कोपराला कोपर, दप्तराची उशी,
कुणी ओकायचं सोंग केलं,
मॉर्नाला खरंच मळमळलं.
किती दिवस असंच, मिस?
एकशे तेरा.
आणि संडास?
हा प्रश्न दरवर्षी येतो.
मी दरवर्षी खरं उत्तर देते
आणि दरवर्षी एका पालकाचं पत्र येतं.

रेवीने चिठ्ठी परत केली होती,
दोन्ही हातांनी, अगदी अदबीने.
"मिस, जहाज इथेच येतंय ना?
मग आम्ही आधीपासून इथे आहोत.
आमचा वाका कधीच आला.
त्यातल्या माणसांची नावं माझा काका म्हणतो,
कागद न बघता, श्वास पुरवून पुरवून."
मी म्हटलं, बरं, तू किनारा हो.
मला ते तेव्हा फार सुचल्यासारखं वाटलं.
पाऊण तास तो नेटबॉलच्या खांबाशी
किनारा होऊन उभा होता, थंडीत.

मग गणित, डांबरावरच:
चढले दोनशे सत्तेचाळीस,
वाटेत जन्मले चार, वारले नऊ.
उतरले किती?
दोनशे बेचाळीस! लाक्लन आडव्यानेच ओरडला.
शाबास, म्हणून मी बिस्किटांकडे वळत होते,
खारं मांस, होकायंत्र, जमल्यास वारे,

तेवढ्यात ग्रीअरने चिठ्ठी उलटली.
मागे मीच लिहिलं होतं, बारीक अक्षरात:
त्रेचाळिसावा दिवस. गोवर.
"मिस," ती म्हणाली,
"ते नऊ वजा केले, पण ठेवले कुठे?"

गेल्याच महिन्यात मी शिकवलं होतं त्यांना,
हातचा विसरायचा नाही.

ती रडली वगैरे नाही.
उठली, झोपलेल्यांना ओलांडत,
खडूची रेघ पुसू न देता
जहाजाबाहेर गेली
आणि डांबरावर उताणी पडली.
"मी इथे."

माझ्या वहीत त्या तासापुढे लिहिलं होतं:
विद्यार्थी प्रवासातील अडचणी सांगू शकतील.

भुरभुर सुरू झाली.
मग किनारा चालत आला.
अंगातला स्वेटर काढून तिच्यावर टाकला,
शेजारी मांडी घातली, विचारलं,
"तुझं नाव?"
"जेनेट."
त्याने ते मोठ्याने म्हटलं, एकदाच,
हजेरीतलं म्हणतात तसं.
मग माझ्याकडे बघून: बाकीचे आठ कोण?

माझ्याजवळ यादी होती.
पाच नावं वाचली.
सहावं वाचलं, अर्भक.
सातवं, अर्भक.
"हे नाव नाही, मिस," रेवी म्हणाला.
आठवं मी वाचलं नाही.

घंटा झाली. जहाजातले सगळे
एकदम उठून डब्यांकडे धावले,
दोनशे बेचाळीस पायांखाली पुसट झाले.
मिस्टर गिलिस आले. लागलं का बंदराला?
मी त्यांना थांबा म्हणाले.

ग्रीअर उठली, रेवीचा स्वेटर घालून गेली.
ओल्या डांबरावर राहिली
एवढीशी कोरडी जागा,
डोकं, खांदे, एक हात जरा लांब.

आम्ही दोघं बघत राहिलो
ती भिजेपर्यंत.