तीन वर्षांची माती

विगाराचं पत्र आलं: तीन वर्षं भरली,
जागा मोकळी करायची आहे.
नॉर्बर्टचा फोन स्विंडनहून, अपरात्री.
रजा मिळत नाही, म्हणाला.
आंटीजवळ तूच उभा राहा रे.

म्हणून मी, शिगम्याला ढोल बडवणारा,
चोडणच्या सिमितीरीत
चपला फाटकाबाहेर काढून उभा.
काशियान हसला.
"घाल पात्रांव. हांगा कांटे आसात."

माती सैल होती. आधी फळीचा तुकडा,
मग काळवंडलेला क्रूस,
जपमाळेचे अकरा मणी.
बाकीचे मातीनं ठेवून घेतले.
काशियान एकेक हाड चादरीवर मांडत होता
बाजारातून आणलेली अंडी
टोपलीतून काढावीत तसा.

मग त्यानं मांडीचं हाड उचलून उन्हात धरलं.
"हें पळय."
मधोमध गाठ.
कोयता लागलेली फांदी
भरून आल्यावर दिसते तशी.
"मोडिल्लें. वांकडेंच जुळलां."

कुठे मोडलं ते मला ठाऊक होतं.

भरतीची रात्र. फेरी बंद.
मी आईच्या पोटात आडवा.
बाबा कंदील घेऊन पुढे,
मागे एर्मेलिंदा, सायकल ढकलत, खाजनाच्या बांधावरून.
मानशीपाशी बांध खचला होता.
बाबांनी उडी मारली आणि मग ओरडले,
उलट करायला हवं होतं,
हे ते मरेपर्यंत सांगत राहिले.

पाठीवर घालून आणली तिला.
उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसली,
मोडका पाय लाकडासारखा बाजूला सारला
आणि म्हणाली, "उदक तापय. वेळ जाता."
पहाटे मला वळवलं, बाहेर ओढलं.
ओढताना तिला पाय रेटावा लागला.
माझं रडणं आणि तिची किंकाळी
एकदमच निघाली म्हणे.
शेजारणीला वाटलं, जुळं झालं.

त्यानंतर अडतीस वर्षं
पायवाटेवर तिचं पाऊल अंधारातही ओळखू यायचं,
एक जड, एक हलकं.
कुणाची जखम धुवायची, कुणाला सुई टोचायची,
दर शनिवारी
आंधळ्या पुतू गावड्याची नखं कापायची.
मिसेला शेवटच्या बाकावर.
सगळे उठून उभे राहिले तरी
ही गुडघ्यांवरच.
लोक म्हणत, केवढी भक्ती.
ती म्हणे, "भक्ती खंयची रे? पांय उठना."

मागे काय ठेवलं?
एक सायकल, तिलाही गंज.
सुया उकळायचा डबा.
आणि पणजीच्या औषधाच्या बिलामागे लिहिलेल्या
दोन ओळी: संगमरवर नको.
त्या पैशांत मानशीवर दिवा लावा.

पंचायतीनं अकरा महिने लावले. पण लावला.
बल्ब दर पावसाळ्यात जातो,
शिडी काशियानची, चढतो मी.
वरून पाहिलं की बांधाचा तो तुकडा
तेवढाच पिवळा दिसतो, बाकी सगळं खाजन काळं.
परवा एक पोरगी फोनवर बोलत
त्या उजेडातून निघून गेली.
वर पाहिलंही नाही तिनं.
बरं वाटलं मला.

हाडं वेगळ्या कोनाड्यात नकोत,
हेही तिनंच सांगितलेलं.
भिंतीकडच्या विहिरीत, सगळ्यांच्यात.
काशियाननं चादर वाकवली.
वाळल्या लाकडांसारखा आवाज झाला,
आणि मग तिचं कोणतं ते सांगता येईना.

विगारानं वही पुढे केली.
नाव. गाव. तारीख.
शेवटचा रकाना: मृताशी नातं.
पेन हातात धरून मी बराच वेळ उभा.
भाचा म्हणू? शेजारी?
शेवटी माझी जन्मतारीख लिहिली.

विगारानं चष्मा वर करून वाचलं.
"हें नातें न्हय," म्हणाला,
आणि शिक्का मारला.

बाहेर काशियान पुन्हा फोंडात उतरला होता,
कमरेपर्यंत.
चार वाजता मिंगेलची सासू यायची होती.
मी चपला घातल्या,
मग काढल्या,
आणि त्याच्याकडून दुसरं फावडं मागून घेतलं.