मोफत प्रवेश, हात लावू नये

बाहेर उणे नऊ. बसचं इंजिन चालू ठेवायला
शाळेची परवानगी नाही, म्हणून मी आत आलो.
फुकट ते पौष्टिक. शिवाय इथलं स्वच्छतागृह उबदार असतं.

जुन्या पोस्टाच्या इमारतीत दोन खोल्या.
ओहायोतल्या या गावात दाखवण्यासारखं बाकी उरलं काय?
वॉशिंग मशीनचा कारखाना गेला, मग सिनेमागृह, मग दातांचा डॉक्टर.
हे तेवढं उघडं, गुरुवार ते शनिवार,
आणि दारात लोर्ना टीगार्डन, चष्मा गळ्यात लोंबता,
येणाऱ्या प्रत्येकामागे मुठीतलं मोजणीयंत्र टिक्क करते.
माझ्यामागेही केलं.
"ग्रोव्हर, आता तू प्रेक्षक," म्हणाली.

पोरांना ती सांगत होती: त्या काळी
अर्जासोबत नमुना पाठवावा लागे वॉशिंग्टनला,
बारा इंचांत बसणारा.
कापणीयंत्र असो की नदीवरचा पूल, बारा इंच.
मग माणसं रात्र रात्र जागली,
डोक्यातलं धूड भातुकलीएवढं केलं,
खिळ्यांच्या जागी टाचण्या, पट्ट्यांच्या जागी बुटाची नाडी,
आणि भुशात निजवून आगगाडीने रवाना केलं.
तिथे आग लागली. एकदा नाही, दोनदा.
पोरांना आग फार आवडली.

मी मागच्या भिंतीपाशी कागद वाचत राहिलो.
कुठलाही घ्या, शेवटी गाडी एकाच रुळावर येते:
माझा दावा असा की...
दावा असा की टोपीत वारा खेळावा म्हणून ही जाळी.
दावा असा की अंडं न फुटता उलटणारा हा चिमटा.
दावा असा की खेचराने लाथ झाडण्याआधी
घंटा वाजावी, पाहा आकृती तीन.
आकृती तीनमधलं खेचर
मालकापेक्षा शहाणं दिसतं.

सतरा वर्षं. मग दावा विरतो,
चिमटा साऱ्या गावाचा होतो
आणि नाव उरतं इथे, पाटीवर, किंचित तिरकं.

कोपऱ्यातल्या पेटीवर दिवा नाही.
आत एक फाटक, वीतभर, अक्रोडाच्या लाकडाचं.
व्हर्ना हॉखस्टेटलर, वय एकोणतीस.
वाऱ्याने फाटक उघडतं, गाय रुळांवर जाते,
म्हणून साखळीला शिशाचा गोळा: ते आपोआप मिटावं.
शेजारी सरकारी उत्तर, छापील, नाव तेवढं हाताने:
असाच दावा अकरा दिवसांपूर्वी
मेन राज्यातल्या एका गृहस्थांच्या नावे मंजूर झाला आहे.

अकरा दिवस.
मी बस चालवतो, मला उशीर कळतो.
अकरा दिवसांत एक दाढ दुखते, पाहुणे येतात,
लोणी काढायचं असतं, शाई सांडते,
आकृती पुन्हा पहिल्यापासून.

काचेला नाक टेकवलं तर दिसतं,
फाटकाखाली तिने गवत लावलंय,
हिरव्या लोकरीचं, एकेक पातं सुटं.
गवत कुणी मागितलं नव्हतं.

निघताना पोरं भरली पंचवीस. आणली होती सव्वीस.
टोबिन सापडला त्याच पेटीपाशी,
काचेवर श्वासाचं ढग, बोटाचा डाग.
"गाय वाचली का?"
लोर्नाने चष्मा लावला, पाटी वाचली, मागची बाजूही पाहिली.
"लिहिलेलं नाही रे," म्हणाली,
आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

बसचं दार थंडीत लागत नाही.
दांडा अर्धा ओढायचा, फटीत चमचा सारायचा,
आईचा, सुपाचा, देठ मीच वाकवलेला,
मग गुडघ्याने एक ठोसा. लागतं.
सहा हिवाळे लागतंय.
टोबिन पहिल्या बाकावरून बघत होता.
"हे कुणी शोधलं?"
मी आरशात मागची डोकी मोजत होतो,
चोवीस, पंचवीस,
बोलता बोलता आकडा चुकला
आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.