तिसरे आठ

भोसरीत, टपरीवरच्या माळ्यावर युनियनचं ऑफिस.
मी चौथीत होते, एप्रिल सरत आलेला,
आणि बाबा एका पत्रकाचं मराठी करत बसले होते.
शिकागो, अठराशे शहाऐंशी.

आठ तास काम, हे लगेच जमलं.
आठ तास झोप. मुलाणीकाका म्हणाले,
विश्रांती लिहा, झोप म्हटलं की मालक हसेल.
अडलं ते तिसऱ्या आठांपाशी.
वाटेल त्यासाठी? खोडलं.
मनोरंजनासाठी? काय सर्कस बघतोय रोज?
कुटुंबासाठी? म्हणजे पुन्हा कामच.
स्वतःच्या उन्नतीसाठी, हे ऐकून
खालून टपरीवाला हसला.
स्टेन्सिल कापायची वेळ झाली तेव्हा बाबांनी लिहिलं:
आणि आठ तास आमचे.
कशाला, कशासाठी, काही नाही.
नुसतं आमचे.

एक मेला गेटवर आधी कंपनीचा झेंडा,
महाराष्ट्र दिन, पर्सनल मॅनेजरचा फेटा, एकेक पेढा.
ते उरकलं की रस्त्यापलीकडे, कडुनिंबाखाली,
बाबांना दहा मिनिटं मिळत.
तेवढ्यात ते संप बसवत, बाजाराचा चौक बसवत,
कोणी फेकला ते कधीच न कळलेला बॉम्ब,
आणि फासावर गेलेले चौघे.
त्यांची नावं बाबा अशी घेत
जसे काही ते दिघी रोडला राहायचे
आणि परवापर्यंत आमच्याकडे चहाला यायचे.
लोकांच्या हातात अजून पेढ्याचा कागद.

त्यांचे स्वतःचे तिसरे आठ मी फारसे पाहिले नाहीत.
लेथवरून येत, अर्धा तास बोटं घासत,
कटिंग ऑइल साबणाला जुमानत नसे.
मग माझा डिप्लोमा आला, त्याची फी आली,
आणि सहा सेमिस्टर ते दुसऱ्या पाळीलाही थांबले.
ज्या तासांसाठी शब्द मिळाला नव्हता
त्यांना भाव मात्र मिळाला.

आता मी हिंजवडीत, फेज टू, तिसरा मजला.
संध्याकाळी साडेसहा ते पहाटे चार.
ओहायोतल्या एका गोदामाचे हजेरीचे तास
माझ्या पडद्यावर येतात.
नियम असा: जास्तीची सात मिनिटं झाली तर पुसायची,
आठवं लागलं तर पाव तास द्यायचा.
पुसायचं काम मशीन करतं.
तक्रारींना उत्तर मी देते.

लोरेन म्हणून एक बाई आहे. तिनं लिहिलंय:
मला रोज चार वाजून सात मिनिटांनी सोडतात.
रोज सात. कधी आठ नाही.
हा योगायोग आहे का, कृपया कळवा.

उत्तर तयार असतं, नमुना क्रमांक चौदा.
मी कॅल्क्युलेटर काढला.
अडीचशे दिवस, रोजची सात,
वर्षाचे एकोणतीस तास, दहा मिनिटं.
शेरा लिहायच्या रकान्यात तो आकडा टाकला,
पुढे काहीच लिहिलं नाही,
आणि तक्रार वर पाठवून दिली.
वर कोण आहे, मला माहीत नाही.

घरी पोचले तेव्हा पाच वाजून पाच मिनिटं.
बाबा जागेच. "किती वाजता सोडलं?"
रोज विचारतात. म्हातारपणाची सवय, असं मी समजत होते.
आज दूध तापेपर्यंत भिंतीपाशी उभी राहिले
आणि कॅलेंडरचे चौकोन पाहिले.
पेन्सिलीनं, बारीक अक्षरात,
गेली. आली. गेली. आली.
मागची पानंही उलटली. मार्च. फेब्रुवारी.
एकही दिवस सुटलेला नाही.

मी त्यांना लोरेनचं सांगितलं.
सात मिनिटांचं ऐकून त्यांनी मान हलवली,
जुन्या ओळखीचं कोणी भेटावं तशी.
मग विचारलं, "तिकडे आत्ता किती वाजले?"
संध्याकाळचे साडेसात, मी म्हटलं. कालचे.

"म्हणजे तिचे तिसरे चालू आहेत," बाबा म्हणाले.
"मग आत्ता तिला काही कळवू नकोस."