समेवर काही नाही

पूर्णा जंक्शनला रात्री मालगाडीचे डबे जोडतात
तेव्हा एक धक्का शेवटच्या डब्यापर्यंत चालत जातो,
आणि तो पोचायच्या आधी
क्षणभर काहीच वाजत नाही.
खेमा म्हणायची, बाबू, हे ऐक. हे मधलं.

मी सिस्टीमवाला. मला बॉक्स कळतात,
फाटलेला कोन कळतो, अर्थिंग कळतं.
मधलं मला फार उशिरा कळलं.

तिच्या बापाची गायन पार्टी,
चौदा एप्रिलपासून मिरग निघेपर्यंत रोज एक गाव.
ती कोरसमध्ये तिसरी, माईकपासून लांब.
मग यादगिरीनं सिकंदराबादहून एक कॅसेट आणली,
लेबल नसलेली, गार्डच्या डब्यात सापडलेली.
शब्द एक कळेना. पण बास असा
की बशीतला चहा थरथरला.
तिनं तीनदा ऐकली. म्हणाली,
"हे लोक समेवर काहीच ठिवत न्हाईत.
कुणी यायचंय म्हणून जागा धरल्यावानी."

ढोलकीवाला म्हणाला, पोरगी लंगडं गाती.
हलगीवाल्या दगडूमामाला मात्र पहिल्याच दिवशी जमलं.
"आमी जल्मभर पंगतीच्या भायेर बसून वाजिवलं,
भायेरचा ठोका आमाला नको शिकवू."

याला रेगे म्हणतात, हे नंतर समजलं.
पेंटरनं बॅनरवर लिहिलं:
रेघेगायिका खेमा खिल्लारे.
तिनं ते दुरुस्त करू दिलं नाही.

तिचं पहिलं गाणं टँकरवर.
नंबराला ठेवलेले दगड, त्यांना बायकांची नावं.
सेलूच्या लग्नात लोकांनी पैसे परत मागितले.
देगलूरला लाईट गेली; बास मेला, कीबोर्ड मेला,
उरली हलगी आणि ती,
आणि अंधारात बायका टाळ्या देऊ लागल्या
चुकीच्या जागी,
म्हणजे बरोबर जागी.

पुण्याच्या कंपनीनं बोलावलं.
फोटोवाल्यानं तिच्या डोक्यावर टोप चढवला,
दोरखंडासारख्या जटा, कमरेपर्यंत.
"मॅडम, याच्याशिवाय हे म्युझिक विकलं जात नाही."

फुलाआत्याची जट खेमानं कापली होती, बाराव्या वर्षी.
देवीची म्हणून वाढवलेली, ओल्या पोत्यासारखी जड,
आत्याला मान वळवता यायची नाही.
दुपारपासून दिवे लागेपर्यंत कात्री,
खोबरेल, उवा, थोडं रक्त.
त्या रात्री आत्या एकवीस वर्षांनी उताणी झोपली.
सकाळी म्हणाली, आढं दिसलं गं.

खेमानं टोप काढून खुर्चीत ठेवला, हळू,
कुणाचं तरी झोपलेलं लेकरू ठेवावं तसा.
"तिकडं ते वाढवून मोकळे झाले असतील.
आमी कापून झालो.
गाण्याला दोन्ही ठावं हाय."

करार तिथंच राहिला. आणि गडबडीत माझी एक चप्पल.

मग परभणीत, बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात,
भिंतींना गाद्या टांगून, अकरा रात्री.
हजार सीड्या काढल्या. दोनशे सत्तर गेल्या.
उरलेल्या भावानं ज्वारीच्या रानात सुतळीला बांधल्या,
वाऱ्यानं फिरतात, चमकतात, पाखरू बसत नाही.
"मह्या गाण्याला एवढं कुणीच घाबरलं नव्हतं,"
असं ती आल्यागेल्याला सांगते.

मध्ये सात वर्षं तिनं अंगणवाडी सांभाळली.
त्याबद्दल ती बोलत नाही, मीही लिहीत नाही.

आता आवाज खाली उतरलाय, बासच्या शेजारी.
रविवारी रेल्वे क्वार्टरात पाच-सहा पोरी येतात.
मी जुना बॉक्स लावून देतो, तो अजून गुरगुरतो.
ती शिकवते: मनात मोजा. एकवर गप्प.
परवा वर्षा म्हणाली, मॅडम,
एकवर करायचं काय मग?
खेमा म्हणाली, वर बघ. आढं दिसतंय का?
पोरीनं बराच वेळ वर पाहिलं.
"मॅडम, इथं पंखाय."